अडीच सेकंदांची मुदत

सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्या किंवा नाशिकहून धुळ्याकडे वळणाऱ्या हमरस्त्यावर मध्यरात्रीनंतर एखादी मालमोटार अॅक्सल तुटून जागच्या जागी बसली, म्हणजे तिचा क्लीनर प्रथम जे करतो ते कोणत्याही सरकारी नियमपुस्तिकेत लिहिलेले नसले तरी साऱ्या मुलखात एकसारखे आढळते : रस्त्याकडेच्या झाडाची एक फांदी मोडून तो गाडीच्या मागे आडवी टाकतो आणि तिच्या अलीकडे दहा-वीस पावलांपर्यंत धोंड्यांची एक ओळ मांडून ठेवतो. परावर्तक त्रिकोण गाडीत बाळगावा असा कायदा आहे. पण तो त्रिकोण बहुधा हप्त्याच्या पावत्यांबरोबर कुठेतरी दडपलेला असतो, आणि फांदी मात्र हाताशी असते. पुढे सकाळी मिस्त्री येतो, दुरुस्ती होते, गाडी मार्गस्थ होते, आणि धोंडे तेथेच राहतात. मग दुसऱ्या रात्री, कसलाही धोका शिल्लक नसलेल्या त्या जागी, दुचाकीवरून येणाऱ्या कोणा अभाग्याला धोक्याची ती सूचनाच आडवी येते.

वाहनचालकास संकटाची आगाऊ जाणीव करून देण्याची जी अनेक साधने गेल्या दीडशे वर्षांत मनुष्याने निर्माण केली, त्यांच्यापैकी हे सर्वांत दरिद्री साधन खरे. तथापि या विषयातील मुख्य प्रश्न त्यात पूर्णपणे सामावलेले आहेत. सूचना कोणी द्यावयाची, ती किती अगोदर मिळावयास हवी, आणि जिला मिळाली त्या व्यक्तीच्या हाती काही करण्याची सत्ता आहे काय, हे ते प्रश्न होत. आज मोटारीच्या काचेमागे बसविलेला कॅमेरा पुढील गाडीचे अंतर मोजून चालकास सावध करतो, डोळ्यांच्या पापण्या मिटू लागल्या की दुसरा कॅमेरा ठणाणा करतो, आणि या नवलाईची वर्णने वाचताना आपल्याला वाटू लागते की आता यंत्रच आपली काळजी वाहील. या यंत्रांचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु पहिल्या दोन प्रश्नांवर यंत्रशास्त्राने जेवढी बुद्धी खर्च केली, तिच्या शतांशही तिसऱ्यावर खर्च झालेली दिसत नाही, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

यंत्रे येण्यापूर्वी आपल्याकडे इशाऱ्याची सगळी व्यवस्था माणसांच्या हाती होती, आणि ती वाटते तेवढी गबाळी नव्हती. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली तेव्हापासून कंडक्टरची घंटा हे चालकाचे मागचे डोळेच होऊन बसले : एक टोला थांबण्याचा, दोन टोले निघण्याचे. मालमोटारीचा क्लीनर डाव्या दारातून अर्धे अंग बाहेर काढून पत्र्यावर थाप मारतो, तीही अशीच एक सूचनापद्धती. आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ या त्याच्या पुकाऱ्याच्या लांबीवरून किती हात जागा उरली आहे हे मुरलेल्या चालकाला आरशाशिवाय उमगते. भोंग्याची मात्र आपण पुरती दुर्दशा केली. मागच्याने भोंगा वाजवावा अशी विनंती मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेली असे. ध्वनिप्रदूषणास उत्तेजन देणारा हा मजकूर काढून टाकावा असा हुकूम महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये काढला. पण मजकूर पुसल्याने सवय पुसली जात नाही. जो भोंगा हिरवा दिवा लागण्यापूर्वी, लागल्यावर आणि लागून गेल्यावरही वाजतो, तो खऱ्या संकटसमयी वाजला तर त्याकडे कान कोण देणार?

रस्त्यावरील यांत्रिक सूचनेचा आरंभ रेल्वेवाल्यांनी केला हे लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ च्या डिसेंबरात वायूच्या ज्योतीवर चालणारा जो पहिला वाहतूकदीप उभा राहिला त्याचा योजक जॉन पीक नाइट हा रेल्वेचा अभियंता होता. आणि महिन्याभरातच वायुगळती होऊन त्या दिव्याचा स्फोट झाला व तो चालविणारा पोलीस जखमी झाला, म्हणून ती कल्पना पुढे बरीच वर्षे बासनात बांधून ठेवावी लागली. मोटारी आल्यावर १९०९ मध्ये पॅरिस येथे अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि रस्त्यावरील चार संकटांच्या चार खुणा त्यांनी संमत केल्या : उंचवटा, वळण, छेदरस्ता आणि रेल्वेचे फाटक. इंग्लंडात यॉर्कशायरमधील पर्सी शॉ याने १९३४ मध्ये रस्त्याच्या मध्यरेषेत बसविण्याच्या काचेच्या परावर्तक डोळ्यांचे पेटंट घेतले, आणि युद्धकाळात दिवे मालवलेल्या रस्त्यांवर त्यांचा उपयोग साऱ्या देशाला कळून आला. हिंदुस्थानात याच सुमारास रस्त्यांची जी शास्त्रोक्त उस्तवारी सुरू झाली तिच्या मुळाशी एक मराठी कायदेपंडित होता, याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरूनच पेट्रोलवरील करातून रस्तानिधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. आणि देशातील रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या ज्या परिषदेत ठरला ती परिषद नागपुरात भरली होती. त्या नागपूरकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितांमध्ये एक आकडा असा आहे की ज्यावर रस्त्यावरील प्रत्येकाचा जीव अवलंबून असतो आणि जो रस्त्यावरील बहुतेकांना ठाऊक नसतो. तो आकडा अडीच सेकंदांचा. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसणे, काय आहे हे बुद्धीला कळणे, काय करावे हे ठरणे आणि पाय ब्रेकवर पडणे, या सगळ्यास मिळून सामान्य चालकाला अडीच सेकंद लागतात असे अभियंते गृहीत धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या अवधीत ५५ मीटरांवर अंतर तोडते, आणि ब्रेक लागू होऊन ती थांबेपर्यंतचे अंतर त्यात मिळवले म्हणजे हिशेब सुमारे १२० मीटरांवर जातो. ताशी १०० च्या वेगाला तो १८० मीटर होतो. हमरस्त्यावरील लाल कडेचे त्रिकोणी फलक सपाट मुलखात धोक्याच्या १२० मीटर अलीकडे उभारावेत असा जुन्या संहितेतील दंडक याच हिशेबाशी जुळणारा आहे. म्हणजे तो फलक ताशी ८० च्या चालकाशी प्रामाणिक आहे. ताशी १२० ने जाणाऱ्यास तेच अंतर कापावयास साडेतीन सेकंद पुरतात, आणि त्यातील अडीच तर त्याच्या मेंदूच्याच वहीवर खर्ची पडतात.

रेल्वे आणि रस्ता यांच्या स्वभावातील भेद पाहावयाचा असेल तर बोरघाटात जावे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या अमदानीत तेथे गाडीरस्ता झाला, आणि १८६३ मध्ये लोहमार्ग. घाटातून वाट कोठून न्यावी हे गोऱ्या साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविले, अशी कथा त्या परिसरात सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि जाता-येता चालक तेथे नाणे टाकतात. आता लोहमार्गाची तजवीज पाहा. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी ठिकठिकाणी मुख्य मार्गातून फुटणारे, चढणीवर नेऊन सोडणारे आडमार्ग ठेवलेले असतात. त्यांस रेल्वेवाले कॅच सायडिंग म्हणतात. यातील मर्म असे की, सांधा नेहमी त्या आडमार्गाकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने त्याआधी थांबून, आपण ताब्यात आहोत हे सिद्ध केल्यावरच तिला मुख्य मार्ग खुला होतो. प्रत्येक गाडीचे ब्रेक निकामी झाले आहेत असे धरून चालणारी, आणि तसे नाही याचा पुरावा मागणारी ही व्यवस्था होय. तिला कोणाच्या सावधपणावर भरवसा ठेवावा लागत नाही.

शेजारच्याच रस्त्यावर याच्या नेमके उलट गृहीत आहे. तेथे प्रत्येक गाडी ताब्यात आहे असे धरले जाते, आणि ती तशी नाही याचा पुरावा पंचनाम्यात मिळतो. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकावयाची, कित्येकदा इंजिनही बंद करावयाचे, ही आपल्या मालमोटारींची जुनी वहिवाट आहे. तिच्यातील घात असा : गिअर सुटला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, वारंवार दाबल्याने ब्रेकचे लायनर तापून त्यांची पकड ढिली होते, आणि इंजिन बंद असेल तर हवेच्या टाकीत नवी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद असतो, म्हणून प्रत्येक दाबासरशी टाकी रिती होत जाते. मग ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द पोलीस ठाण्याच्या दप्तरात उमटतात, जणू काही ब्रेकने स्वतः होऊन कसूर केली. पुण्यास कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार या रीतीने कुप्रसिद्ध झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात एका अनावर मालवाहू गाडीने तेथे एका सपाट्यात ४८ वाहने चेचली. त्या उतारावर ‘न्यूट्रलमध्ये वाहन चालवू नये’ असे सांगणारे फलक कमी नाहीत. परंतु डिझेलचा हिशेब ज्याच्या पगारातून वळता होतो त्या चालकाने फलकाचे ऐकावे की मालकाचे, हा पेच फलक रंगविणाऱ्याच्या विचारात आलेला नसतो.

यंत्रांची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यातील कल्पना एकच आहे आणि बाकी सारी सुधारणा आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५९ मध्ये ‘कॅडिलॅक सायक्लोन’ नावाची प्रदर्शनीय मोटार बनविली. तिच्या नाकाशी असलेल्या दोन शंकूंत रडार बसविलेले होते आणि पुढे अडथळा आल्यास ते दिव्याने व आवाजाने चालकास कळवीत असे. ती मोटार विक्रीस कधी आली नाही. पुढे १९९२ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने ‘डेबोनेअर’ या मोटारीत लेझर किरणांनी अंतर मोजून इशारा देणारे साधन घातले. १९९९ मध्ये जेरुसलेम येथे स्थापन झालेल्या मोबिलआय या कंपनीने रडार वा लेझर यांच्याऐवजी एका साध्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली : पुढील गाडीची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते आहे यावरून टक्कर होण्यास किती वेळ उरला हे गणिताने काढता येते. या यंत्राचा टकरीचा इशारा जास्तीत जास्त २.७ सेकंद अगोदर मिळतो. अभियंत्यांच्या अडीच सेकंदांशेजारी हा आकडा ठेवून पाहिला म्हणजे यंत्राची उदारता आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. अडीच सेकंद जाऊन उरतात दोन दशांश. बावरलेला चालक झोपेतून जागा होत असेल तर तेवढेही नाहीत. जो जागा आहे, ज्याचा पाय ब्रेकजवळ आहे, त्याला मात्र अडीच सेकंदांची गरजच नसते, एक पुरतो, आणि त्याच्यापुरता हा इशारा खरोखर जीवदान ठरतो. हा निसर्गाचा पक्षपात यंत्राला दुरुस्त करता येत नाही.

नागपुरात २०२१ मध्ये जो प्रयोग सुरू झाला तो मला या कारणाने अधिक मोलाचा वाटतो की त्यात यंत्राचा इशारा चालकापाशीच संपविलेला नाही. ‘आय-रास्ते’ या नावाच्या त्या प्रकल्पात इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका एकत्र आल्या, आणि शहराच्या ‘आपली बस’ सेवेतील गाड्यांवर टकरीची पूर्वसूचना देणारे कॅमेरे बसविण्यात आले. बस रोज त्याच मार्गाने फिरते. तिच्या यंत्राने कोठे कोठे किंकाळी फोडली याची नोंद साठत गेली की नकाशावर काही जागा आपोआप काळवंडू लागतात : येथे पादचारी वारंवार एकाएकी पुढे येतात, येथे रिक्षा आडव्या घुसतात, येथे गाडी रांग सोडून सरकते. अपघात झालेले नाहीत. होता होता राहिले आहेत. अशा जागांना त्या प्रकल्पात ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात, आणि हा करडेपणा काळा होण्यापूर्वी रस्त्याची डागडुजी करावी ही योजना आहे.

यातील थोरवी कळण्यास सरकारी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या डोळ्यांखालून घालणे अवश्य आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या ज्या तुकड्यात मागील तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविणारे ५ अपघात झाले असतील, अथवा १० माणसे मेली असतील, त्या तुकड्याला ही पदवी मिळते. म्हणजे चार अपघातांत मिळून झालेले नऊ मृत्यू हे प्रशासनाच्या दृष्टीने अद्याप खात्रीलायक इत्तला नव्हे. व्याख्येवाचून कारभार चालत नाही आणि कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण चालकाने अडीच सेकंदांत शहाणे व्हावे असा आग्रह धरणारी व्यवस्था स्वतःला मात्र तीन वर्षांची मुदत आणि दहा प्रेतांची मुभा देते, याकडे डोळेझाक कशी करावी?

सूचनेवरील विश्वास हा आणखी एक नाजूक मामला आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगाचा इशारा सक्तीचा झाला : ताशी ८० ओलांडले की मिनिटाला एकदा टिंग, आणि १२० ओलांडले की अखंड रव. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना ताशी १०० ची अधिकृत परवानगी आहे. तेव्हा कायदा पाळणाऱ्या मनुष्यालाही हे यंत्र खालापूरपर्यंत दर मिनिटाला दोषी ठरवीत राहते, आणि घाटात जेव्हा मर्यादा खरोखरच खाली येते तेव्हा, ८० च्या आत असलेल्या बेफाम माणसापाशी ते मूग गिळून बसते. पट्टा न बांधल्यास वाजणाऱ्या सूचनेचे तर आपल्या लोकांनी जे केले ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. पट्ट्याच्या खाचेत नुसती धातूची कडी खोचली की यंत्राला पट्टा बांधल्यासारखे वाटते. अशा कड्या राजरोस विकल्या जात होत्या, आणि शेवटी २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन दुकानदारांविरुद्ध त्या विकू नयेत म्हणून आदेश काढावा लागला. पालघरजवळ सायरस मिस्त्री मागील आसनावर पट्ट्यावाचून बसले असता अपघातात गेले, त्याला तेव्हा वर्षही झालेले नव्हते.

शिवाय हा सगळा खटाटोप मोटारीच्या आत बसलेल्यांचा. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. आणि देशातील मृतांमध्ये दुचाकीवरील ४४ टक्क्यांहून अधिक, तर पायी चालणारे १९ टक्क्यांहून अधिक होते. खांद्याला पिशवी अडकवून फलटण किंवा मूर्तिजापूरच्या नाक्यावर रस्ता ओलांडणाऱ्या मनुष्याला कोणते यंत्र सावध करते? त्याच्या वाट्याला येतो तो भोंगा. आणि भोंग्याचे आपण काय करून ठेवले आहे ते वर आलेच आहे.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचा अनुभव येथे आठवतो. २०१६ मध्ये त्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांवर दीडशेच्या घरात माणसे दगावली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी एकत्र येऊन जे काम आरंभिले त्यामुळे चार वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. त्यांनी केले ते सारे निर्विशेष होते : उघडी पडलेली कठड्यांची टोके झाकणे, दुभाजकातील खिंडारे बुजवणे, कडेला उभ्या राहणाऱ्या मालमोटारी हलवणे, जखमींना लवकर उचलणे. चालकाला अधिक सावध करण्यापेक्षा त्याच्या बेसावधपणाची शिक्षा सौम्य करावी, हे त्यामागचे तत्त्व. घाटातल्या त्या कॅच सायडिंगच्याच कुळातले.

समृद्धी महामार्गाने हा वाद ऐरणीवर आणला आहे. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता नागपूर ते शिर्डी असा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या दारापर्यंत पोचला. सरळ, रुंद, वळणावाचून पळणारे काँक्रीट, दोन्ही बाजूंना गाव नाही, चहाची टपरी नाही, गुरे नाहीत, समोरून येणारी वाहने नाहीत; चालकाच्या मेंदूला गुंतवून ठेवील असे काहीच नाही, आणि वृत्तपत्रांतून ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द मराठीत रुळला. २०२३ च्या १ जुलैच्या रात्री सिंदखेडराजाजवळ एक खासगी प्रवासी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ जणांचा कोळसा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ उभ्या असलेल्या मालमोटारीवर मागून धडकून १२ भाविक गेले. त्यानंतर रस्त्यावर थरथराट करणाऱ्या पट्ट्या आल्या, रंगीत झेंडे आले, टायरांची तपासणी आली, आणि चालकाच्या पापण्यांवर पाळत ठेवणारे कॅमेरे बसविण्याची भाषा सुरू झाली.

पापण्यांवरील ही पाळत म्हणजे पूर्वसूचनेची परमावधी. परंतु झोप हा काही समोरून येणारा अडथळा नव्हे की चुकवता यावा. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ साली झाला. चालकाने दिवसाला आठ तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करू नये, आणि सलग पाच तासांनंतर त्याला निदान अर्धा तास विसावा मिळावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्या कलमांची अंमलबजावणी किती झाली हे पाहावयास कॅमेरा लागत नाही. नाक्यावरच्या ढाब्यात रात्री एक वाजता बाजेवर टेकलेल्या कोणत्याही चालकाला, घर सोडून किती तास झाले, एवढे विचारणे पुरे आहे. त्याच्या गाडीत लिलावासाठी निघालेला भाजीपाला असतो, पहाटे गाडी वाशीच्या बाजारात लागली नाही तर भाव पडतो, आणि पडलेल्या भावाची फिर्याद मालाचा धनी गाडीमालकाकडे व गाडीमालक चालकाकडे करतो. तीन वाजता त्याच्या डोळ्यांसमोरचे यंत्र ओरडू लागले, तर त्याची वार्ता आजच्या तंत्राने त्याच क्षणी गाडीमालकाच्या उशाशी असलेल्या फोनवर धाडता येते. त्यात अवघड काही नाही. सध्या त्या फोनवरून उलट दिशेने एकच प्रश्न येतो : कुठवर पोचलास?